दोन ठोक्यांमधील अवकाश

व्यायामाची तीव्रता वाढत असता शरीर ज्या दोन सीमा क्रमाने ओलांडते, त्यांपैकी पहिलीपाशी रक्तातील लॅक्टेट विश्रांतीच्या पातळीवरून चढू लागते आणि दुसरीपलीकडे ते साठतच जाऊन धाप लागते. या सीमांचा ठावठिकाणा लावण्याचा अधिकार दीर्घकाळ प्रयोगशाळेकडेच राहिला. १९६४ मध्ये वॉसरमन व मॅकइलरॉय यांनी हृदयरुग्णांच्या उच्छ्वासातील वायूंवरून अशी सीमा ओळखण्याची रीत मांडली. १९७६ मध्ये जर्मनीत माडर यांनी रक्तातील लॅक्टेटचा लिटरमागे ४ मिलिमोल हा दंडक घालून दिला. मुखवटा आणि सुई यांतून सुटका करण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १९८२ मध्ये इटलीतील कोंकोनी यांनी केला. धावण्याचा वेग वाढवीत नेल्यावर नाडीच्या आलेखाला जो बाक येतो तीच सीमा, असे त्यांचे प्रतिपादन होते, परंतु तो बाक कित्येकांच्या आलेखात सापडेना.

कोंकोनींनी ठोके मोजले; ठोक्यांमधील अंतरांकडे लक्ष गेले ते पुढे. फिनलंडमधील औलू येथे टुल्पो व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले की, श्रम वाढत जातात तसतसा हृदयाचा वेग आवरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा अंमल ओसरतो आणि श्वसनावरून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या सीमेपर्यंत ठोक्यांमधील अंतरांतील क्षणोक्षणीचा चढउतार कमीकमी होत जातो. पण चढउतारच उरला नाही, तर त्यापुढची दुसरी सीमा कशावरून ओळखावी? या अडचणीतून वाट निघाली ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर घटना वाटते: पेंग यांनी १९९४ मध्ये डीएनएच्या रचनेसाठी योजलेले गणित पुढील वर्षीच हृदयाच्या ठोक्यांना लावले गेले, आणि चढउतार किती आहे याऐवजी त्याला काही संगती आहे का, हा प्रश्न विचारता येऊ लागला. या गणितातील अल्फा-१ हा अंक हलक्या श्रमात १ च्या वर असतो, आणि ०.५ पर्यंत उतरला म्हणजे अंतरांतील परस्परसंबंध लोपला असे समजावे. रॉजर्स, ग्रोनवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १५ पुरुषांच्या धावपट्ट्यावरील चाचणीतून ०.७५ ही पहिल्या सीमेची खूण ठरविली, दुसरीसाठी ०.५ पुढे आला.

तेव्हापासून ठोक्यांमधील अंतरे टिपणारा छातीचा पट्टा बांधून सीमा शोधण्याची मुभा सर्वसामान्य धावपटूला मिळाली, हा लाभ लहान नव्हे. तथापि नंतरच्या अभ्यासांत समूहाची सरासरी जुळली तरी एकेका व्यक्तीच्या बाबतीत बरीच तफावत आढळली आहे; पट्ट्याने थोडे ठोके चुकविले तरी अंक बिघडतो, आणि थकव्यानेही तो खाली येतो. सबब माझा निवाडा असा की, ०.७५ हा हुकूम नव्हे, दाखला आहे. धावताना सलग वाक्ये सहज बोलता येतात का, याची खातरजमा त्याच्या जोडीने करावी, आणि दोहोंत विरोध दिसल्यास त्या दिवशी वेग कमीच ठेवावा.