परदेशीं नेलेलें बिऱ्हाड आणि तेथील जकात

पुण्यामुंबईच्या घरांतून मुलगा किंवा मुलगी सहकुटुंब परदेशीं राहावयास निघाली, म्हणजे दिवाणखान्यांत दोन ढीग पडूं लागतात. एका ढिगांत रोजच्या वापराच्या वस्तु असतात : दहा वर्षांची गादी, घासून पातळ झालेलीं पातेलीं, पुस्तकें, मुलांची सायकल. दुसऱ्या ढिगांत प्रवासासाठीं मुद्दाम आणलेला नवा माल असतो : कोरा कुकर, खोक्यांतला मिक्सर, घडी न मोडलेल्या चादरी. पहिल्या ढिगाकडे पाहून घरांतील वडील माणसें म्हणतात, "हा जुना पसारा कशाला? सगळें नवें घेऊन जा." सल्ला मायेचा असतो, परंतु जकातीच्या दृष्टीनें तो नेमका उलटा आहे. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा अशा देशांत हा जुना पसारा नियम पाळल्यास कराविना आंत जातो आणि कर बसतो तो या कोऱ्या मालावर.

हें असें कां? सीमेवरील जकात ही मुळांत व्यापारावरची. परदेशचा माल यावा, तेथील बाजारांत विकला जावा, आणि त्या व्यवहारांतून सरकारनें आपला हिस्सा घ्यावा, अशी तिची कल्पना. जी गादी कोथरूडच्या घरांत दहा वर्षें अंथरली गेली, ती कोणी विकण्यासाठीं लीड्सला नेत नाहीं हें उघड आहे. शिवाय ती घेतांना तिच्यावरचा कर येथें भरून झालेला असतो. म्हणून राहतें घर एका देशांतून दुसऱ्या देशांत हलविणारास सवलत देण्याची रीत पडली. मात्र जकात अधिकाऱ्यास माणसाच्या मनांतला हेतु दिसत नाहीं. तेव्हां कायद्यानें त्या हेतूची पारख काळावर सोंपविली आहे. वस्तु किती दिवस मालकीची होती, किती दिवस वापरली, आणि नेल्यावर किती दिवस जवळ ठेवली, हे ते प्रश्न.

ब्रिटनचा नियम या बाबतींत बराच स्पष्ट आहे. तेथील सवलतीस 'ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स', म्हणजे निवासबदलाची सवलत, म्हणतात. ती मिळण्यास मनुष्य निदान १२ महिने सलग ब्रिटनबाहेर राहिलेला असावा, वस्तु निदान ६ महिने त्याच्या मालकीची व वापरांतली असावी, आणि तो तेथें राहावयास गेल्यापासून १२ महिन्यांच्या आंत ती पोंचावी. मद्य व तंबाखू यांना ही सवलत नाहीं. येथवर सर्व सोपें वाटतें. अडचण पुढें आहे : सवलत आपोआप मिळत नाहीं, ती मागावी लागते, आणि सामान बंदरास लागण्यापूर्वीं मागावी लागते. त्यासाठीं 'टी. ओ. आर. १' नांवाचा अर्ज तेथील महसूल खात्याकडे करावा लागतो. अर्जासोबत पासपोर्टची प्रत, जुन्या व नव्या पत्त्याचा पुरावा आणि सामानाची यादी जोडावी लागते. अर्ज मंजूर झाला म्हणजे एक क्रमांक मिळतो व तो वाहतूकदारास द्यावयाचा असतो. पुष्कळ कुटुंबें हा क्रम उलटा करतात. सामान न्हावा शेव्याहून सुटतें, माणसें विमानानें पुढें जातात, आणि अर्जाची आठवण बोट पोंचल्यावर होते. मग मंजुरी येईपर्यंत सामान बंदरांत पडून राहतें व जागेचें भाडें दिवसागणिक वाढत जातें.

सवलत हुकली तर किती भुर्दंड बसतो, याचा हिशेब एकदां करून पाहावा. समजा, सामानाची किंमत २,००० पौंड धरली, आणि तें ब्रिटनपर्यंत नेण्याचें भाडें व विमा मिळून १,००० पौंड झाले. कर ३,००० पौंडांवर बसतो, २,००० वर नव्हे. त्यावर सरासरी ५ टक्के जकात धरली तर १५० पौंड झाले. आणि मग जकातीसह झालेल्या ३,१५० पौंडांवर २० टक्के मूल्यवर्धित कर, म्हणजे ६३० पौंड. एकूण ७८० पौंड, आणि तेहि जुन्या भांड्याकुंड्यांपायीं! कित्येक जिनसांवर जकात शून्य असते हें खरें, पण तेवढ्यानें मूल्यवर्धित कर टळत नाहीं.

नव्या कुकराचें काय करावें, असा प्रश्न गृहिणींना पडेल. तो बोटीच्या पेट्यांत घालूं नये. विमानांत बरोबरच्या सामानांत घ्यावा. ब्रिटनमध्यें उतरणाऱ्या प्रवाशास स्वतःच्या वापरासाठीं बरोबर आणलेल्या वस्तूंवर ३९० पौंडांपर्यंत सूट आहे. मागाहून बोटीनें येणाऱ्या पेटीस ही सूट लागू नाहीं.

याहून नाजूक गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पुड्यांची. "तुमचें एवढें सामान चाललेंच आहे, तर आमच्या सुमीसाठीं चार साड्या आणि चांदीचें तबक तेवढें घाला," असें शेजारच्या काकू म्हणतात, आणि नाहीं म्हणणें जड जातें. परंतु जकातीच्या फॉर्मवर सही करणारा, हें सर्व सामान आपलें व आपल्या कुटुंबाचें आहे, असें लिहून देत असतो. अमेरिकेचा नियम तर घरगुती सामान दुसऱ्या कोणासाठीं किंवा विक्रीसाठीं नसावें, असें स्पष्ट सांगतो. तें तबक सांपडलें तर खुलासा काकूंना करावा लागत नाहीं. अशा वेळीं थोडा वाईटपणा घेणेंच शहाणपणाचें.

अमेरिकेंत ६ महिन्यांऐवजीं एक वर्षाच्या वापराची अट आहे. तें वर्ष सलग असलेंच पाहिजे असें मात्र नाहीं. मागाहून येणाऱ्या सामानासाठीं तेथें ३२९९ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. कॅनडांत वापराची ठराविक मुदत नाहीं. येण्यापूर्वीं वस्तु मालकीची, ताब्यांतली व वापरलेली असली म्हणजे झालें. लग्नाच्या आहेराला तर वापराचीहि अट नाहीं, मात्र लग्न येण्यापूर्वीं ३ महिन्यांत झालेलें किंवा आल्यावर ३ महिन्यांत व्हावयाचें असलें पाहिजे. एखाद्या वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरांवर असेल तर वरच्या रकमेवर कर पडतो. परंतु कॅनडांतील खरा फांस निराळाच आहे. स्थायिक होण्यास प्रथम उतरतांना अधिकाऱ्यापुढें दोन याद्या ठेवाव्या लागतात : बरोबर आणलेल्या सामानाची एक, आणि मागाहून यावयाच्या सामानाची दुसरी. त्या दिवशीं हातांत एक पिशवीच असली तरी दुसरी यादी द्यावयाचीच. तींत न लिहिलेली वस्तु पुढें आली तर तिच्यावरची सवलत जाण्याचा संभव असतो.

तात्पर्य, सारें यादीवर येऊन ठेपतें. "स्वयंपाकाचें सामान, १ खोकें" असें लिहिणें म्हणजे अधिकाऱ्यास खोकें उघडण्याचें आमंत्रण. वस्तु, तिची संख्या, खरेदीचें साल आणि आजची किंमत लिहावी. विजेच्या उपकरणांचे क्रमांक टिपावे. दागिन्यांचीं छायाचित्रें व सराफाचा किंमतीचा दाखला जवळ ठेवावा. किंमत जुन्या वस्तूची म्हणून धरावी, पण हास्यास्पद कमी धरूं नये. विम्याच्या यादींत कपाट ४०,००० रुपयांचें आणि जकातीच्या यादींत तेंच ४,००० रुपयांचें, असा प्रकार दोन्हीं कागद एकाच टेबलावर आले म्हणजे उघडा पडतो.

ऑस्ट्रेलियास जाणारांस जकातीपेक्षां जैविक तपासणीचा जाच अधिक. केरसुणी, सुपें, तळव्यास माती लागलेले बूट, बियांच्या पुड्या यांकडे तेथील अधिकारी संशयानें पाहतात, आणि तपासणीचा व शुद्धीकरणाचा खर्च मालकावर पडतो. कुंचा येथेंच ठेवून गेलेलें बरें.

तिकडच्या जकातीची चिंता करतांना येथल्या कायद्याचा विसर पडतो. पुराणवस्तूंविषयींच्या १९७२ सालच्या कायद्याप्रमाणें १०० वर्षांपूर्वींची कलाकुसरीची वस्तु, किंवा ७५ वर्षांपूर्वींचें ऐतिहासिक अथवा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित, खासगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहीं. कर भरूनहि नेतां येत नाहीं. पणजीची नक्षीदार समई, देव्हाऱ्यांतली मूर्ति, आजोबांच्या आजोबांची पोथी यांचें वय ठाऊक नसेल, तर ती वस्तु पुराणवस्तु नाहीं असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधीं घ्यावा. देव्हारा ज्या भावाच्या घरीं राहणार, त्याच्याकडेच समई ठेवणें अनेकदां सोयीचें होतें.

सामान सुटून घरांत लागलें म्हणजे प्रकरण मिटलें, असेंहि नाहीं. ब्रिटनमध्यें सवलतीनें आलेली वस्तु पुढील १२ महिने महसूल खात्यास कळविल्याविना विकतां, भाड्यानें किंवा उसनी देतां येत नाहीं; कॅनडांतहि वर्षाच्या आंत विकली तर कर भरावा लागतो. लहान घरांत न मावणारें मोठें कपाट पहिल्याच महिन्यांत विकून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. ज्या दिवशीं सामान सुटलें ती तारीख यादीच्या माथ्यावर लिहून ठेवावी. कपाट कधीं विकावयाचें तें त्यावरून ठरेल.