जुनी मोटार आणि परतीचा हक्क

व्यापाऱ्याकडून जुनी मोटार घेतली आणि आठवड्यात इंजिन धूर ओकू लागले, म्हणजे त्याचे उत्तर ठरलेले असते : "साहेब, जुनी गाडी आहे. जशी होती तशी दिली." बहुतेक गिऱ्हाईक येथेच मान खाली घालून परत फिरते. वास्तविक जुन्या वस्तूला कायदा नाही, असे कोठेही लिहिलेले नाही.

१९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ पाहा. त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याने वर्णन करून विकलेला माल विक्रीयोग्य असला पाहिजे, ही अट न लिहिताही करारात असते. मात्र तुम्ही गाडी तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत दिसावयास हवा होता असा दोष मागाहून सांगता येत नाही. फाटलेले सीट विसरा; मागे फिरवलेला किलोमीटरचा आकडा ही गोष्ट निराळी.

खरी मेख वेळेत आहे. गाडी नाकारल्याचे न कळवता वाजवी मुदत जाऊ दिली, तर कलम ४२ प्रमाणे तुम्ही ती स्वीकारली असे ठरते. मग या कायद्याखाली सामान्यतः गाडी परत करण्याचा हक्क जाऊन नुकसानभरपाई तेवढी मागता येते. म्हणूनच "उद्या मेकॅनिक पाठवतो" असे म्हणत व्यापारी महिना काढतो. तोंडी आश्वासनावर संप मागे घेणाऱ्यांचे काय होते, हे आम्ही कामगार चळवळीतल्या माणसांनी पुष्कळ पाहिले आहे! तेव्हा दोष दिसताच गाडी वापरणे थांबवावे, दुसऱ्या कारागिराचा लेखी अहवाल घ्यावा, आणि "गाडी नाकारली आहे, रक्कम परत करा" असे पत्र स्पीड पोस्टाने धाडावे. कर्जाचे हप्ते मात्र थांबवू नयेत. बँकेशी केलेला करार वेगळा.

त्याने दाद दिली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, २ वर्षांच्या आत, तक्रार करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. किंमत परत करण्याचा हुकूम आयोग देऊ शकतो. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्यालाही कायदा ग्राहकच मानतो.

"मी नुसता मध्यस्थ" ही शेवटची पळवाट. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अशा व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि गाडी ताब्यात आल्याची रीतसर सूचना दिली की तोच मालक मानला जातो. ते अधिकारपत्र पैसे मोजण्यापूर्वी पाहावे, आणि पावती त्याच नावाने घ्यावी.