आकडा लागेल का हो, डॉक्टर?

गेल्या उन्हाळ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ रक्तदाब दाखवायला आले. गोळ्या वेळेवर घेत होते, लोणचे-पापड बंद केले होते, तरी दाब 170/100 च्या खाली उतरेना. झोपेचे विचारले तर म्हणाले, ‘‘रात्रीचा क्लोज निघेपर्यंत डोळा लागत नाही.’’ सोबतच्या पत्नीने मान फिरवली. पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर एक वही होती आणि तीत चार वर्षांचे आकडे ओळीने मांडलेले. जाताना त्यांनी हळूच विचारले, ‘‘47 ची जोडी सव्वा वर्षात आली नाही. आता यायलाच पाहिजे ना हो, डॉक्टर?’’

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या कागदावर लिहिता येत नाही. म्हणून आज आहार-विहार बाजूला ठेवून थोडे गणित करू.

मटका तसा जुना रोग. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या भावावर मुंबईत आकडे लावले जात. पुढे 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. माठातून चिठ्ठ्या, नंतर पत्ते, अशी रीत बदलत गेली. हिशेब मात्र साधा. तीन आकडे निघतात, त्यांची बेरीज करून शेवटचा अंक घ्यायचा. 3, 5, 6 निघाले तर बेरीज 14, म्हणून ओपन 4. तसाच क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

एका अंकावर 10 रुपये लावले तर लागण्याची शक्यता दहात एक. लागल्यास साधारण नऊपट, म्हणजे 90 रुपये मिळतात. दहा वेळा खेळणाऱ्याचे 100 जातात आणि सरासरीने 90 येतात. जोडीत शंभरात एक शक्यता आणि साधारण नव्वदपट पैसे, म्हणजे कात्री तीच. शंभरामागे दहा रुपये बुकीकडे राहतात आणि तेही आकडा प्रामाणिकपणे निघतो असे गृहीत धरून! ज्या आकड्यावर कमी पैसे लागले तोच काढायचा असे कोणी ठरवले, तर वहीतले गणित कोणाच्या कामाचे?

तुलनेसाठी अमेरिकेतला व्हिडिओ पोकर घ्या. त्या यंत्रात पाच पत्ते दिसतात, कोणते ठेवायचे व कोणते टाकायचे हे खेळणारा ठरवतो. तेथे डोके चालवायला जागा आहे. सर्वात चांगला दर देणाऱ्या नेहमीच्या यंत्रावर एकही चूक न करता खेळले, तर दीर्घकाळात शंभरामागे सुमारे साडेनव्याण्णव परत येतात. म्हणजे पट्टीचा खेळाडूही शेवटी थोडे हरतोच. मटक्यात तर डोके लावायला जागाच नाही. ‘गेसिंग’चे कागद विकणारा स्वतः का खेळत नाही, हे कोणी त्याला विचारत नाही.

आता 47 कडे येऊ. जोडी रोज लावली तर शंभर दिवसांत एकदा येणारच, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात शंभर जणांपैकी 36-37 जणांना त्या शंभर दिवसांत ती एकदाही लागत नाही. सव्वा वर्षाच्या वहीत शंभरपैकी एखाद-दुसरी जोडी कोरी राहणे यात नवल नाही. आणि कोरी राहिली म्हणून उद्या तिची शक्यता वाढत नाही. ती शंभरात एकच. माठाला आठवण नसते.

‘हरलो की दुप्पट लावायचे’ ही दुसरी युक्ती. 10, 20, 40 असे चढत गेल्यास दहाव्या दिवशी 5,120 रुपये लावावे लागतात आणि एकूण 10,230 गुंततात. एका अंकावर सलग दहा दिवस हरण्याची पाळी शंभरात 35 जणांवर येते. ज्यांना मधेच लागते ते जिंकतात हे खरे. पण ते थांबत नाहीत आणि पुढच्या खेपेला त्या 35 मध्ये सापडतात.

एवढे कळूनही माणूस का खेळतो? येथे वैद्यकशास्त्राचा प्रश्न सुरू होतो. केव्हा मिळेल हे ठाऊक नसलेले बक्षीस मेंदूला नियमित बक्षिसापेक्षा जास्त गुंतवते. 47 लावला आणि 48 आला, तर ती हारच. पण मेंदू तिला ‘थोडक्यात हुकले’ अशी नोंदवतो आणि हात पुन्हा खिशाकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचे व्यसन मानसिक आजार म्हणून नोंदलेले आहे. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, घरात खोटे बोलणे, खेळ बंद असल्यास चिडचिड, उसनवारी ही त्याची लक्षणे. मोबाईलवर पत्ते खेळणाऱ्या तरुणांतही हीच दिसतात. 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण कायद्याने झोप परत येत नाही. एक वेगळी सूचना: कंपवाताच्या काही औषधांमुळे, विशेषतः प्रामिपेक्सोल व रोपिनिरोलमुळे, कधीही न खेळलेल्या माणसाला जुगाराची ओढ लागू शकते. तसे दिसल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

उपचार आहेत. समुपदेशनाने विचारांची सवय बदलते, सोबत नैराश्य असेल तर त्यावर औषध मिळते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. कर्जात बुडालेला माणूस ‘आता संपवून टाकतो’ म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये; या आजारात तो धोका खरोखर मोठा असतो.

घरच्यांनी कर्ज गुपचूप फेडून टाकू नये, आधी पैशाचा ताबा घ्यावा. आपल्या जिल्ह्यात कापसाचे पैसे व ऊसतोडीची उचल हाती येण्याचे दिवस विशेष जपायचे. कोयता जोडीचा असतो, मग उचल मोजून घेताना दोघेही हजर का नसावेत?

त्या गृहस्थांचे बँकेचे पासबुक आता पत्नीकडे असते. टपरी टाळण्यासाठी ते बाजारातून लांबच्या रस्त्याने घरी जातात. मध्ये दोनदा घसरले, दोन्ही वेळा स्वतः येऊन सांगितले. मागच्या तपासणीत दाब 144/90 होता. गोळी तीच ठेवली आहे.