तेरा ते सात

नांदेडहून सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचले, तेव्हा मावशी उंबऱ्यापाशी बसून ठिपक्यांचा कागद झटकत होती. उदबत्तीनं ओळीत भोकं पाडलेला जाड कागद. तो गेरूवर ठेवायचा, वर मूठभर रांगोळी टाकून हात फिरवायचा आणि अलगद उचलायचा, ठिपके तयार. तिच्या पापड-कुरडयांची वेबसाइट मी करत होते, आणि पानाच्या मागं तिला हीच रांगोळी हवी होती. "सगळ्यांकडं असतात तसली चित्रं नको बाई. आपली तेरा ते सात घाल."

तेरा ते सात म्हणजे मधल्या ओळीत १३ ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत ७ पर्यंत. प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध पडतो. मावशीला यात समजावण्यासारखं काही वाटत नाही. मला मात्र याच एका गोष्टीनं दोन दिवस गुंतवून ठेवलं.

वेबपानाची पार्श्वभूमी फरशीसारखी चालते. एक छोटा तुकडा द्यायचा, ब्राउझर तो आडवा-उभा लावत जातो. वेगळं काही सांगितलं नाही तर तो लावतच राहतो. पुनरावृत्ती हाच तिथला मूळ नियम आहे. १९९५ साली नेटस्केपनं पानामागं चित्र घालायची सोय केली, तेव्हापासून हे असंच आहे. २०११ मध्ये वेब डेव्हलपर ली वेरू यांनी नुसत्या सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, ग्रेडियंटमधून पट्टे, चौकडी, ठिपके विणून दाखवले, एकही चित्र न वापरता. आज स्टीव्ह शोगर यांच्या हिरो पॅटर्न्ससारख्या संकेतस्थळावर जावं, नक्षी निवडावी, दोन रंग द्यावेत, ओपॅसिटीचा स्लायडर सरकवावा आणि तयार कोड उचलावा. पाच मिनिटांचं काम. मीही आधी तेच केलं होतं. मावशीनं फोन हातात घेतला, पाहिला आणि परत दिला.

म्हणून मग ब्राउझरमध्येच आपली आकृती काढू देणारं साधन उघडलं. डावीकडं मोकळी चौकट, उजवीकडं तीच चौकट शेकडो वेळा लागलेली. डावीकडं एक रेघ ओढली की उजवीकडं सगळ्या रेघा एकदम उमटतात. मी चौकटीच्या मधोमध सहा पाकळ्यांचं फूल काढलं. उजवीकडं फुलं सरळ रांगांत उभी राहिली, कवायतीला उभी केल्यासारखी.

"हे तेरा ओळी तेरा ठिपके झालं," मावशी म्हणाली. "मधले ठिपके कुठं आहेत?"

चार फुलांच्या मधलं फूल चौकटीत मावत नव्हतं. खरं तर ते चारही कोपऱ्यांवर बसायला हवं होतं. प्रत्येक कोपऱ्यात पाव फूल काढायचं; शेजारच्या चार चौकटी एकत्र आल्या की चार पाव मिळून एक होतं. जुन्या वाड्यांत रंगीत सिमेंटच्या फरशा असायच्या, चार जोडल्या की एक फूल पुरं व्हायचं, तीच ही युक्ती. चौकटीची उंचीही बदलावी लागली. सहाही शेजारी सारख्या अंतरावर हवेत, तर रुंदी ५६ पिक्सेल धरली की उंची ९७ येते. चौरस चौकटीत सहा पाकळ्या दबल्यासारख्या दिसत होत्या, त्याचं कारण हे होतं.

मग सांधे तपासणं. या कामात खरे कष्ट कडेलाच असतात. आकृती अर्धी चौकट बाजूला सरकवायची, म्हणजे कडा मध्यभागी येतात आणि चूक उघडी पडते. माझी एक पाकळी एका पिक्सेलनं खाली होती. एका चौकटीत ते दिसलंही नसतं. पण तिच्या शेकडो प्रती झाल्या की पानभर उभी भेग दिसते.

पुढची अडचण कुठल्याच साधनात लिहिलेली नव्हती, कारण ती आपल्या लिपीची आहे. फुलाभोवती मी बारीक ठिपके ठेवले होते. त्यावर मजकूर आला आणि "उपवासाचे पापड" चक्क "उंपवासाचे" दिसू लागले. 'शेवया'च्या डोक्यावर अनुस्वार चढला, 'सांडगे'च्या शेजारी आणखी एक ठिपका आला. रोमन अक्षरांमागं ठिपका पडला तर बहुतेक वेळा तो नुसता ठिपका राहतो. देवनागरीत शिरोरेघेवर पडला की तो उच्चार होतो. मी ओपॅसिटी १० टक्क्यांवर आणली, तरी मन मानेना. शेवटी ठिपके काढून नुसत्या गेरूच्या रंगाच्या पाकळ्या ठेवल्या आणि मजकुराखाली कोरी पांढरी पट्टी दिली. अक्षर आणि त्यामागचा रंग यांत किमान ४.५ ला १ इतका फरक हवा असं वेबचं प्रमाण सांगतं. मराठी पानाला तेवढं पुरत नाही, हे माझं मत या कामानं पक्कं झालं.

दुपारी मावशीच्या फोनवर पान उघडलं. पडदा ३६० पिक्सेल रुंद. तिनं चष्मा लावला, बोटानं डावीकडून मोजत गेली आणि उजव्या कडेला थांबली.

"इथं फूल कापलंय. डावीकडं पुरं आहे."

५६ च्या सहा चौकटी म्हणजे ३३६. उरलेल्या २४ पिक्सेलांत सातवी तुटक बसली होती. रांगोळी अशी एकाच बाजूला कोणी तोडत नाही. सीएसएसमध्ये यावर एक शब्द आहे, 'राउंड'. तो दिला की ब्राउझर चौकट थोडी ताणतो किंवा आखडतो आणि पूर्ण संख्येतच बसवतो. चौकट ६० पिक्सेलांची झाली, उंचीही त्याच प्रमाणात वाढली.

मावशीनं पुन्हा मोजलं. एका ओळीत सहा. वरच्या ओळीत पाच, आणि दोन्ही टोकांना अर्धं-अर्धं. मग सहा. मग पाच.

"अर्धी दोन्हीकडं सारखी आली ना?" ती म्हणाली. "मग राहू दे."