एका वादकाला इतक्या गिटारी कशासाठी?

गिटार शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या इलेक्ट्रिक गिटारचा विषय काढला की बहुतेक घरांत एकच प्रश्न उमटतो : 'एक आहे ना? मग दुसरी कशाला?' प्रश्न रास्त आहे. त्याच सहा तारा, तेच स्वर, तीच बोटे. रंग आणि आकार सोडला तर दोन गिटारींत फरक तो काय, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. त्यातच दुसरी गिटार म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. चांगली घ्यायची तर लाखाच्या पुढे. ही खरोखरीची गरज की नुसता हव्यास, हे ठरवायचे तर त्या वाद्याच्या आत नेमके काय घडते, हे आधी जाणून घ्यावे लागते.

या प्रश्नाच्या उत्तराला सुरुवात करावी ती अशा एका वादकापासून, ज्याचे नाव एकाच गिटारशी कायमचे जोडले गेले आहे. ब्रिटनमधील 'क्वीन' या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ मध्ये, शाळकरी वयात, वडिलांच्या मदतीने घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. तिच्या मानेसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले गेले. तारांचा ताण तोलण्यासाठी जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातील स्प्रिंगा कामी आल्या. 'रेड स्पेशल' या नावाने ती गिटार पुढे जगभर गाजली आणि 'क्वीन'ची बहुतेक गाणी तिच्यावरच वाजली.

याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. १९७९ मध्ये त्याने 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' हे गाणे रचले. त्याचे वळण १९५० च्या दशकातील रॉक अँड रोलचे, एल्विस प्रेस्लीच्या जमान्याचे होते. म्युनिक येथील ध्वनिमुद्रणाच्या वेळी निर्माता राइनहोल्ड मॅक याने त्या जमान्याची गिटार वापरण्याचे सुचवले. अखेर मे याने आपला सहकारी ड्रमवादक रॉजर टेलर याच्या मालकीची 'टेलिकास्टर' हाती घेतली आणि गाण्यातील एकलवादनाचा तुकडा तिच्यावर वाजवला. हात तेच होते, बदलली ती केवळ गिटार. आणि गाण्याला हवा तो काळ सापडला. एका गिटारच्या एकनिष्ठ वादकालाही दुसरी उसनी घ्यावी लागली, ती का?

पट्टीचा नव्हे, पोताचा प्रश्न

बासरीवादक मैफलीला येतो तो लहानमोठ्या बासऱ्यांची पिशवी घेऊनच. तबलावादक गायकाची पट्टी विचारतो आणि त्यानुसार तबला निवडतो. त्याबद्दल कोणी शंका घेत नाही. मात्र तेथे प्रश्न पट्टीचा असतो. गिटारवर सगळ्या पट्ट्या वाजवता येतात. तेथे प्रश्न असतो तो आवाजाच्या पोताचा. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना हे वेगळे सांगायला नको. तानपुऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग अगदी थोडा घासून जवारी लावली की तार तीच आणि स्वरही तोच राहतो, पण आवाज खुलतो.

याचे शास्त्रीय कारण असे की, छेडलेली तार केवळ एकच स्वर देत नाही. मूळ स्वराबरोबरच त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारितेचे सूक्ष्म उपस्वर तिच्यातून उमटत असतात. हे उपस्वर कोणत्या प्रमाणात ऐकू येतात, त्यावर आवाज धारदार की गोलसर, पातळ की दाट हे ठरते. इलेक्ट्रिक गिटारींचे वेगवेगळे प्रकार म्हणजे हे प्रमाण बदलण्याच्या वेगवेगळ्या युक्त्या होत.

तारेखालचे चुंबक

या युक्त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची म्हणजे 'पिकअप'. तारांखाली बसवलेले चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे, अशी त्याची साधी रचना असते. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. हाच प्रवाह 'अ‍ॅम्प्लिफायर'मध्ये जाऊन मोठा होतो. थोडक्यात, पिकअप हा इलेक्ट्रिक गिटारचा कान आहे. आणि कान बदलला की ऐकू येणारे जगही बदलते.

अमेरिकेतील लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५० मध्ये बाजारात आणलेली आणि पुढच्या वर्षी 'टेलिकास्टर' हे नाव मिळालेली गिटार, तसेच १९५४ ची 'स्ट्रॅटोकास्टर', या दोहोंत एकेरी वेटोळ्याचे पिकअप असतात. त्यांचा आवाज स्वच्छ, टोकदार, काचेसारखा लख्ख. पण त्यांना एक खोड आहे. आसपासच्या वीजवाहिन्या, ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मर यांची घरघरही ते इमानेइतबारे टिपतात. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने आपल्याकडे ही घरघर त्या स्वरात आणि त्याच्या पटींत ऐकू येते.

'गिब्सन' कंपनीतील अभियंता सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोड काढली. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली. दोहोंचे वेढे परस्परविरुद्ध आणि चुंबकांची टोकेही परस्परविरुद्ध. परिणामी बाहेरची घरघर दोन वेटोळ्यांत उलटसुलट येऊन नाहीशी होते, तारेचा आवाज मात्र दोहोंत मिळून वाढतो. घरघर म्हणजे 'हम'. तिला हटवणारा म्हणून याचे नाव 'हंबकर'. १९५७ पासून तो 'लेस पॉल' या गिटारवर बसू लागला. मात्र दोन वेटोळ्यांमुळे वरचे सूक्ष्म उपस्वरही काहीसे दबतात. घरघर गेली, तशी काचेची लखलखही थोडी गेली; बदल्यात आला तो दाट, भरदार आवाज. या जोरकस आवाजाने अ‍ॅम्प्लिफायर आपल्या क्षमतेच्या टोकाला जाऊन गुरगुरू लागला आणि हार्ड रॉकला आपली भाषा मिळाली. म्हणूनच हंबकर ही एकेरी पिकअपची सुधारित आवृत्ती ठरली नाही. आज सात दशकांनंतरही दोन्ही प्रकार सुखाने नांदत आहेत.

पिकअप कोठे आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. घोडीजवळ, म्हणजे ब्रिजपाशी, मूळ स्वराचे कंपन लहान असते. त्यामुळे उपस्वर उठून दिसतात आणि आवाज बोचरा लागतो. मानेजवळ मूळ स्वर प्रबळ असतो, म्हणून आवाज गोल वाटतो. स्ट्रॅटोकास्टरवर असे तीन पिकअप असतात. आरंभी त्यांची कळ तीनच जागी थांबत असे. वादक मात्र ती मधल्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवू लागले. अखेर १९७७ मध्ये कंपनीनेच पाच जागांची कळ दिली. मार्क नॉफ्लरच्या 'सुलतान्स ऑफ स्विंग' (१९७८) या गाण्यातील पातळ, चमकदार आवाज अशाच मधल्या जागेचा आहे.

लांबी, पोकळी आणि जुळणी

दुसरा फरक तारेच्या लांबीचा. फेंडरच्या प्रमुख गिटारींवर मोकळ्या तारेची लांबी २५.५ इंच, तर गिब्सनवर सुमारे २४.७५ इंच असते. फरक दोन सेंटिमीटरहून कमी. पण तोच स्वर मिळवण्यासाठी लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे त्याच जाडीची तार फेंडरवर सुमारे सहा टक्के अधिक ताणलेली राहते. बोटाने तार ओढून सतारीच्या मींडेसारखा स्वर काढणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. एक गिटार हाताला झुंजवते, दुसरी सैल सोडते. त्यानुसार वादनाची धाटणीही बदलते.

तिसरा फरक अंगाचा. पोकळ अंगाच्या गिटारवर जाझचा ऊबदार, चटकन विरणारा स्वर छान उमटतो. परंतु मंचावर आवाज वाढवला की स्पीकरचा ध्वनी त्या पोकळीला हलवतो, ते कंपन पुन्हा पिकअपमध्ये शिरते आणि शिट्टी सुरू होते. भरीव अंगाला हा त्रास फारसा नाही. या दोहोंमधील तडजोड म्हणून १९५८ मध्ये 'ईएस-३३५' आली : मध्ये भरीव ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळी. ब्लूजचा बादशहा बी. बी. किंग याची लाडकी 'ल्युसिल' याच घराण्यातली. १९८० मध्ये त्याच्या नावाने निघालेल्या मॉडेलला तर शिट्टी टाळण्यासाठी अंगावरची छिद्रेच ठेवली नव्हती.

चौथे आणि सर्वांत व्यावहारिक कारण म्हणजे तारांची संख्या आणि जुळणी. 'रोलिंग स्टोन्स'चा कीथ रिचर्ड्स अनेक गाणी पाच तारांच्या टेलिकास्टरवर वाजवतो. सर्वांत जाड तार काढून टाकलेली आणि मोकळ्या तारा छेडल्या तरी 'जी' मेजर हा स्वरसंघात उमटेल अशी जुळणी. 'बीटल्स'च्या 'अ हार्ड डेज नाइट' (१९६४) मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या हाती बारा तारांची 'रिकनबॅकर' होती. तिची जोडतारांची झळाळी सहा तारांतून निघणे शक्य नाही. भर कार्यक्रमात दोन गाण्यांमध्ये सगळ्या तारा उतरवून पुन्हा जुळवत बसायला वेळ नसतो. शिवाय ताण बदलला की मानही किंचित हलते आणि जुळवलेली तार पुन्हा सुटते. ऐनवेळी तार तुटण्याची धास्ती वेगळीच. त्यामुळे व्यावसायिक वादकाच्या मागे मंचावर तीन-चार गिटारी उभ्या दिसतात. तो डौल असतोच असे नाही.

गरज कोठे संपते?

हे सारे खरे असले तरी त्याला मर्यादाही आहेत. 'पिंक फ्लॉइड'चा डेव्हिड गिल्मोर याचे उदाहरण येथे बोलके ठरते. 'द वॉल' (१९७९) या एकाच अल्बममध्ये 'कम्फर्टेबली नम्ब'चे एकलवादन त्याने आपल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर केले, तर 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागासाठी १९५५ ची, हंबकरपूर्व काळातील लेस पॉल वापरली. दोन गाणी, दोन गिटारी. दोन्ही निवडी सार्थ. याच गिल्मोरने जून २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे आपल्या संग्रहातील १२० हून अधिक गिटारी लिलावात काढल्या. एकट्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. लिलावाची २ कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्याने हवामानबदलाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला दिली. त्यानंतरही त्याचे वादन थांबले नाही. शंभर गिटारी सोडूनही वादक उरतो, हेच त्यातून दिसते.

शिवाय आवाजाची सगळी जबाबदारी गिटारवर टाकणेही चुकीचे ठरेल. भरीव गिटारमध्ये लाकडाच्या जातीने आवाज किती बदलतो, यावर वादक आणि अभ्यासक यांच्यात आजही मतभेद आहेत. अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि तार छेडण्याची पद्धत यांचा प्रभाव मात्र कोणीही नाकारत नाही. नवा अ‍ॅम्प्लिफायर घेतल्याने जो बदल होईल, तो दुसरी गिटार घेऊन होईलच असे नाही. आता संगणकीय उपकरणे अनेक अ‍ॅम्प्लिफायरांचे आवाज एका पेटीत देतात. त्यांनी आवाज बदलतो. पण तारेची लांबी, तिचा ताण आणि मानेची जाडी, म्हणजे हाताला होणारा स्पर्श, बदलत नाही.

त्यामुळे दुसरी गिटार घ्यायचीच असेल, तर ती पहिलीपेक्षा तत्त्वाने वेगळी असावी. पहिलीवर एकेरी पिकअप असतील तर दुसरीवर हंबकर असावा. पहिली भरीव असेल तर दुसरी अर्धपोकळ चालेल. रंग वेगळा आणि गुण तेच, अशी जोडी हा केवळ शौक झाला. ज्याला एकाच गिटारवर भागवायचे आहे, त्याच्यासाठी ब्रिजपाशी हंबकर आणि पुढे दोन एकेरी पिकअप अशी मिश्र रचनाही मिळते. ती प्रत्येक बाबतीत अव्वल नसते. पण शिकणाऱ्याला बरीच वर्षे पुरते.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. प्रत्येक गिटारला निगा लागते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत न वाजवलेल्या गिटारच्या तारा गंजतात, पावसाळ्यात लाकूड फुगून मान हलते, आवाजाच्या बटणांत करकर शिरते. पाच गिटारी म्हणजे तारांचे पाच संच आणि पाच वेळा जुळणी. रोज वाजणारी एक गिटार ही पेटीत पडून राहिलेल्या चारांहून नेहमीच चांगली वाजते.

तेव्हा घरातल्या त्या प्रश्नात थोडा बदल करायला हवा. 'दुसरी कशाला?' असे न विचारता 'पहिलीवर नेमके काय वाजत नाही?' असे विचारावे. उत्तरादाखल मुलाने एखादे गाणे, एखादी जुळणी, एखादा आवाज बोट ठेवून दाखवला, तर ती गरज आहे. नुसतेच छायाचित्र दाखवले, तर आणखी सहा महिने थांबावे. आणि गाणे एखाददुसरेच असेल, तर ब्रायन मे याने केले तेच करावे : मित्राची गिटार उसनी मागावी.