हेडर बसवल्यावर गाडीची ताकद खरंच वाढते की नुसता आवाज?

गाडी बीडच्या २३ पासिंगची असो की अंबाजोगाईच्या ४४ पासिंगची, दारात उभी राहिली की मित्रांचे सल्ले सुरू होतात. अलॉय टाक, काळी फिल्म लाव आणि त्यातला एक ठरलेला सल्ला म्हणजे, “हेडर टाक, मग बघ पिकअप!” रील्सवर तर हेडर टाकलेली गाडी विमानासारखी उडते. पण यात खरं किती?

हेडर म्हणजे काय?

पेट्रोल जळल्यावर सिलिंडरमधून निघणारा गरम धूर आधी मॅनिफोल्डमध्ये येतो. सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून एका पाइपात सोडणं हे त्याचं काम. कंपनीचा मॅनिफोल्ड आखूड असतो. तो जागा कमी खातो आणि वर्षानुवर्षं टिकतो, पण त्यात एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येतो.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळा, लांब आणि जवळपास सारख्या मापाचा पाइप मिळतो. धुराचा झोत वेगाने पुढे गेला की मागे दाब कमी होतो आणि सिलिंडरमध्ये उरलेला धूरही ओढला जातो. जुना धूर जेवढा जास्त बाहेर, तेवढी ताजी हवा जास्त आत. त्यामुळे हेडरमागचं विज्ञान खोटं नाही.

मग ताकद किती वाढते?

टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात वाढ झालीच तर ती थोडक्या टक्क्यांची असते. २०१८ च्या स्विफ्टचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन ६,००० आरपीएमला ८३ पीएस ताकद द्यायचं. ५ टक्के वाढ धरली तरी हाती येतात जेमतेम ४ पीएस. तेही इंजिन जोरात फिरत असताना. शहरात गाडी १,५०० ते ३,००० आरपीएमवर चालते. पाइपचं माप वरच्या आरपीएमसाठी असेल तर इथे फरक जाणवत नाही, उलट खालचा पिकअप कमीही होऊ शकतो.

आता हे ४ पीएस बीडच्या हवेत मोजू. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचावर आहे. उंची वाढली की हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण १ टक्का घटते. त्यात ४० अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास ५ टक्के विरळ असते. म्हणजे हेडरने कमावलेलं मे महिन्यातली एक दुपार परत घेऊन जाते.

स्कॉर्पिओ, बोलेरोचं काय?

डिझेल स्कॉर्पिओ आणि बोलेरोत टर्बो असतो. तिथे मॅनिफोल्डमधून निघालेला धूर आधी टर्बोचं चाक फिरवतो, मग बाहेर पडतो. त्यामुळे साध्या पेट्रोल गाडीच्या हेडरचं गणित या गाड्यांना लागूच होत नाही. काही नव्या टर्बो पेट्रोल इंजिनांत मॅनिफोल्ड इंजिनाच्या हेडमध्येच ओतलेला असतो. बदलायला वेगळा भागच नाही!

खरी मेख कुठे आहे?

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून तो इंजिनाच्या अगदी जवळ, बऱ्याचदा मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. हेडर बसवताना अनेकदा तोच काढून टाकतात. मग विषारी धूर थेट बाहेर पडतो, चेक इंजिनचा दिवा पेटतो आणि वॉरंटीही अडचणीत येते.

कायद्याचा प्रश्न वेगळाच. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज किंवा धुराची मर्यादा मोडली तर कलम १९० नुसार पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद.

तरी गाडी पळाल्यासारखी का वाटते?

कारण आवाज. कानाला गुरगुर ऐकू आली की मेंदू वेग जास्त धरतो आणि पायही ॲक्सिलरेटरवर जरा जास्त पडतो. खरा फरक कळतो तो डायनोवर, म्हणजे चाकाला मिळणारी ताकद मोजणाऱ्या मशीनवर. दुकानदाराला एवढंच विचारा: याच मॉडेलचा, एकाच दिवशी काढलेला, हेडरच्या आधीचा आणि नंतरचा डायनो रिपोर्ट आहे का? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर राहणार का? उत्तर देताना तो अडखळला तर तुम्ही आवाज विकत घेताय.

मांजरसुंबा घाटात गाडी दम टाकत असेल तर आधी एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बघा, टायरमधली हवा तपासा. आणि चढावर गिअर खाली घ्या. २,००० ऐवजी ४,००० आरपीएमवर तेच इंजिन जवळपास दुप्पट ताकद देतं. तेही कंपनीच्याच मॅनिफोल्डवर, एक रुपयाही खर्च न करता.