शर्यत बारा वर्षांची!

दोस्तांनो, मोटारसायकल हवेत उडताना पाहिली आहे का कधी? सिनेमात नाही हं, अगदी समोर! २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यातल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीवहिली शर्यत झाली. मैदानात मातीचे मोठमोठे उंचवटे रचलेले. फर्रर्र करत गाडी चढ चढली, की थेट हवेत! २५० आणि ४५० सीसीच्या दणदणीत गाड्या होत्या आणि लहान स्पर्धकांसाठी ८५ सीसीचा वेगळा गटही होता.

शर्यत पाहून परतताना माझा भाचा म्हणाला, "मामा, मला तशी गाडी पाहिजे!" नकार मिळणार हे त्याला ठाऊकच होतं. लगेच दुसरी मागणी आली, "मग निदान कुत्र्याचं पिल्लू तरी! शेजारचे काका फुकट देतायत."

फुकट? मी म्हटलं, "आधी त्या गाडीचं ऐक."

या गाड्यांची देखभाल किलोमीटरवर नव्हे, तर इंजिन किती तास चाललं यावर ठरते. धुळीत चालवली, की हवेचा फिल्टर साफ करा. थोडे तास झाले, की ऑइल बदला. टायर झिजले, की नवे घाला. म्हणजे गाडी घेणं ही नुसती सुरुवात. खरा खर्च पुढेच!

पिल्लाचंही तसंच आहे. फरक इतकाच, की गाडी बंद करून झाकून ठेवता येते. कुत्र्याला बंद करायचं बटण नसतं!

पिल्लाला रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर या रोगांच्या लशी द्याव्या लागतात, जंताचं औषध द्यावं लागतं. पुण्यात कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवानाही हवा.

हा खर्च वाढला कसा? पूर्वी वाड्यातला राखणीचा कुत्रा उरलेल्या पोळी-भाकरीवर वाढायचा. आता बऱ्याच घरांत पाकिटातलं खाद्य येतं. २०१७ साली जीएसटी लागू झाला, तेव्हा या खाद्यावर १८ टक्के कर बसला. रक्ततपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी या सोयी आता प्राण्यांनाही मिळतात. त्याने जीव वाचतात, पण बिलही वाढतं. शिवाय हौस! बर्फाळ प्रदेशातला दाट केसांचा हस्की पुण्याच्या एप्रिलमध्ये आणला, तर त्याला थंड खोली नको का?

चला, पेन्सिल घ्या. समजा, खाणं आणि औषधं मिळून महिन्याला २,००० रुपये लागतात. वर्षाचे झाले २४,०००. कुत्रा १२ वर्षं जगला, तर २,८८,००० रुपये! तुमच्या घरचा आकडा वेगळा असेल, पण गुणाकार हाच.

हा गुणाकार आधी न केल्यामुळेच काही जण पुढे कुत्र्याला रस्त्यावर सोडून देतात. प्राण्याला असं उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, बरं का!

मग पाळूच नये का? तसं मुळीच नाही! आपलं गावठी पिल्लू दत्तक घ्या. इथली हवा त्याला छान मानवते. पशुवैद्यांना विचारून घरचं साधं अन्न द्या. कांदा, मनुका आणि चॉकलेट मात्र चुकूनही नको, कुत्र्यांना ते विषासारखं! औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तिथेही दाखवता येतं. पण लशीत काटकसर करू नका. रेबीज एकदा झाला, की त्यावर इलाज नाही.

भाच्याने वहीत हिशेब मांडला, बाबांना दाखवला. खाऊच्या पैशांतून थोडे बाजूला टाकायचं आणि रोज सकाळी फिरवून आणायचं, असंही कबूल केलं. बाबा म्हणाले, "सहा महिने रोज सकाळी लवकर उठून दाखव, मग बघू."

तुम्हीही वही उघडा. बालेवाडीची शर्यत एका दिवसात संपली. ही बारा वर्षं चालते, आणि ती मधेच सोडता येत नाही. आहे तयारी?